पुर्किंजे पेशीतला रिसर्जंट सोडियम प्रवाह: शेपटीवरचा उंचवटा खरा की क्लॅम्प निसटलेला?

काठावरचा_आयन

उंदराच्या लहान मेंदूच्या स्लाइसमध्ये पुर्किंजे पेशींचा (तिथल्या मोठ्या चेतापेशी) रिसर्जंट सोडियम प्रवाह, म्हणजे व्होल्टेज वरून खाली आणताना परत उसळणारा प्रवाह, मोजायचा आहे. मांडणी अशी: प्राण्याचे वय २५ दिवस, वर्मिसचे सॅजिटल काप, जाडी २५० मायक्रॉन, तापमान २४ अंश. होल-सेल (पेशी फोडून पिपेटमधले द्रावण आत), पिपेट ४ मेगाओहम, आत पोटॅशियम ग्लुकोनेट, बाहेर नेहमीचे बायकार्बोनेटवाले एसीएसएफ (मेंदूतल्या द्रवासारखे कृत्रिम द्रावण). सिरीज रेझिस्टन्स (पिपेटच्या वाटेतला रोध) १४ मेगाओहम, कॉम्पेन्सेशन (त्याची इलेक्ट्रॉनिक भरपाई) बंद.

प्रोटोकॉल (व्होल्टेज क्लॅम्प, म्हणजे पेशीचे व्होल्टेज हवे तिथे बांधून; आकडे मिलिव्होल्टचे): −९० वर होल्ड, +३० ला २० मिलिसेकंद, मग −२० ते −७० पर्यंत दहा-दहाच्या पायऱ्या.

−३० ला ४ मिलिसेकंदांनी एक टोकदार आतला प्रवाह येतो, जवळजवळ ३ नॅनोअँपिअर, रुंदी जेमतेम १ मिलिसेकंद. −४० ला तोच उंचवटा, तेवढ्याच उंचीचा, पण ७ मिलिसेकंदांनी. −५० ला काहीच नाही. हा रिसर्जंट म्हणायचा का? छापलेल्या आकृत्यांमध्ये तो गुळगुळीत टेकडीसारखा असतो.

मिलिव्होल्टराव

नाही म्हणायचा. हा अ‍ॅक्सॉनमधून आलेला स्पाइक आहे. लक्षणे तुम्हीच लिहिली आहेत: व्होल्टेज बदलले तरी उंची तीच, फक्त उशीर वाढतो, आणि एका पायरीनंतर सगळे एकदम गायब. रिसर्जंट प्रवाह असा 'सगळा किंवा काहीच नाही' वागत नाही. खोलीच्या तापमानाला −३० च्या आसपास तो ५-६ मिलिसेकंदांत शिखराला पोचतो आणि पुढची काही दहा-वीस मिलिसेकंद हळूहळू उतरतो. −३० ते −४० दरम्यान सर्वात मोठा, −२० ला लहान आणि संथ, −६० ला चटकन येऊन चटकन संपणारा. पायरीगणिक आकार थोडा थोडा बदलला पाहिजे. तुमच्याकडे आकार बदलतच नाही, फक्त वेळ सरकते.

कारण साधे आहे. सोडियम चॅनेलची खरी दाटी अ‍ॅक्सॉनच्या सुरुवातीच्या तुकड्यात असते आणि तुमची पिपेट सोमावर (पेशीच्या धडावर). सोमा −४० ला बांधून ठेवलात तरी तिथला पडदा स्वतःच्या मर्जीने थ्रेशोल्ड ओलांडतो. त्याचा स्पाइक तुम्हाला सोमावर आतला प्रवाह म्हणून दिसतो.

अक्षतंतू

रावांशी सहमत, पण त्याआधीच तीन गोष्टी बिघडल्या आहेत.

एक, पोटॅशियम ग्लुकोनेट. +३० ला २० मिलिसेकंद ठेवल्यावर केव्ही-३ गटातले पोटॅशियम चॅनेल पूर्ण उघडतात. −४० ला परतल्यावर त्यांची बाहेरच्या दिशेची शेपटी (मिटता मिटता वाहणारा प्रवाह) येते आणि तिच्याखाली काहीशे पिकोअँपिअरचा रिसर्जंट सहज गाडला जातो. आत सीझियम हवे. चालणारे मिश्रण: सीझियम मिथेनसल्फोनेट सुमारे ११० मिलिमोलर, सोडियम क्लोराइड ९, टीईए (पोटॅशियम चॅनेल अडवणारे) क्लोराइड ९, हेपेस ९, ईजीटीए आणि मॅग्नेशियम क्लोराइड प्रत्येकी १.८, सुक्रोज ४५, वर एटीपी ४, जीटीपी ०.३ आणि क्रिएटीन फॉस्फेट १४. पेशी फोडल्यावर सीझियम आत पसरायला ५ मिनिटे तरी द्या.

दोन, सिरीज रेझिस्टन्स. क्षणिक सोडियम प्रवाह (चॅनेल उघडताच येणारा पहिला मोठा) १२ नॅनोअँपिअर धरला तर १४ मेगाओहमवर चूक १६८ मिलिव्होल्टची. म्हणजे ते व्होल्टेज क्लॅम्प राहिलेच नाही, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार. हेच ५ मेगाओहमवर आणा आणि ८० टक्के कॉम्पेन्सेट करा: उरतो १ मेगाओहम, चूक १२ मिलिव्होल्ट. बाहेरचे सोडियम १५० मिलिमोलरवरून ५० वर आणलेत की प्रवाह साधारण तिसरा हिस्सा, चूक ४ मिलिव्होल्टवर. आणि रिसर्जंट स्वतः ३०० पिकोअँपिअर असेल तर त्याची चूक ०.३ मिलिव्होल्ट. म्हणून क्षणिक प्रवाह नीट क्लॅम्प झाला नाही तरी रिसर्जंट मोजता येतो, अट एवढीच की अ‍ॅक्सॉन निसटता कामा नये.

४ मेगाओहमच्या पिपेटने स्लाइसमध्ये ५ चा सिरीज मिळत नाही. १.५ ते २.५ ची पिपेट ओढा. कॉम्पेन्सेशन ८५ च्या वर नेताना ट्रेस थरथरू लागला तर पिपेटच्या टोकाजवळ सिल्गार्ड किंवा डेंटल वॅक्सचा थर द्या आणि बाथमधली पाण्याची पातळी उतरवा. पिपेटची कपॅसिटन्स कमी झाली की तेवढेच कॉम्पेन्सेशन शांतपणे बसते.

तीन, जंक्शन पोटेन्शियल, म्हणजे पिपेटमधले आणि बाहेरचे द्रावण भेटतात तिथले व्होल्टेज. पोटॅशियम ग्लुकोनेट आणि एसीएसएफ यांच्यात ते साधारण १४ मिलिव्होल्ट असते. दुरुस्ती केली नसेल तर तुमचे −४० प्रत्यक्षात −५४ आहे. 'शिखर भलत्याच व्होल्टेजला येते' या तक्रारींमागे बहुतेक वेळा एवढेच असते.

काठावरचा_आयन

धन्यवाद, दुरुस्ती केली नव्हती. सोडियम ५० वर आणायचे ते कशाने भरून काढायचे? आणि कॅल्शियमचे काय?

अक्षतंतू

टीईए क्लोराइडने. ५० सोडियम क्लोराइड, सुमारे १०० टीईए क्लोराइड, १० हेपेस, २ बेरियम क्लोराइड, ०.३ कॅडमियम क्लोराइड. पीएच ७.४ करताना सोडियम हायड्रॉक्साइड वापरू नका, टीईए हायड्रॉक्साइड वापरा. १० मिलिमोलर हेपेस ७.४ ला आणायला ४-५ मिलिमोलर अल्कली लागते. १५० मध्ये ते खपून जाते, ५० मध्ये दहा टक्क्यांची चूक होते.

कॅडमियम वगळू नका, कॅल्शियम प्रवाह तेच अडवते. पुर्किंजे पेशीत पी-प्रकारचा कॅल्शियम प्रवाह प्रचंड असतो आणि +३० वरून परतताना त्याची शेपटीही आतल्याच दिशेने येते. खात्री हवी तर हातच्या काकणाला आरसा नको: शेवटी टीटीएक्स (सोडियम चॅनेल अडवणारे विष) द्या. सुट्या पेशीला ३०० नॅनोमोलर पुरते, स्लाइसला १ मायक्रोमोलर. उरलेला ट्रेस आधीच्या ट्रेसमधून वजा करा. वजाबाकीतून जे निघते तेवढेच सोडियम.

मात्र दोन ट्रेसच्या मध्ये सिरीज रेझिस्टन्स बदलला असेल तर वजाबाकीत खोटे उंचवटे येतात, तेव्हा दोन्हीकडे नोंद ठेवा. आणि टीटीएक्स स्लाइसमधून लवकर धुतले जात नाही. एका स्लाइसला एकच पेशी, असा हिशेब धरूनच काप करा.

पाटीपेन्सिल

सोडियम कमी करण्याबद्दल एक आडकाठी. पूर्ण सोडियममधला आणि ५० मधला रिसर्जंट एकच गोष्ट नव्हे. अमान आणि रामन यांनी २०१० मध्ये दाखवले की चॅनेलच्या तोंडात बसलेल्या ब्लॉकरला (वाट अडवणाऱ्या रेणूला) हुसकावून लावायचे काम आत येणारे सोडियम आयनच करतात. म्हणजे बाहेर सोडियम कमी केलेत की नुसता प्रवाह कमी होत नाही, ब्लॉकर सुटायचा वेगही बदलतो. आकडे तुलनेसाठी वापरणार असाल, उदाहरणार्थ जंगली प्रकार (जनुकात बदल नसलेला) आणि म्यूटंट, तर सोडियम दोन्हीकडे सारखे ठेवा. 'रिसर्जंट क्षणिकाच्या इतके टक्के' असे गुणोत्तर १५० वाल्या लेखाशी ताडून बघू नका.

नर्न्स्टचा हिशेबही करून ठेवा. आत ९, बाहेर ५०, तापमान २२ अंश: सोडियमचे समतोल व्होल्टेज सुमारे +४४. बाहेर १५० असताना ते +७० च्या वर असते. ५० वाल्या द्रावणात +३० ला जेमतेम १४ मिलिव्होल्टचा जोर उरतो. पायरी +३० ला ठेवण्याचा हाही एक छुपा फायदा आहे, तिथे क्षणिक प्रवाह लहान असल्याने क्लॅम्पवर ताण कमी पडतो.

वाचनमात्र

मध्येच विचारतो, राग मानू नका. सोडियम चॅनेल उघडतो, मिलिसेकंदात इनअ‍ॅक्टिव्हेट होतो, परत खाली गेल्यावर सावरतो, एवढे पुस्तकात वाचले आहे. परत खाली जाताना प्रवाह येतोच कसा?

मिलिव्होल्टराव

प्रश्न बरोबर जागी आहे. हॉजकिन-हक्सलींच्या १९५२ च्या समीकरणांत हा प्रवाह येतच नाही, त्या चॅनेलला ब्लॉकर माहीतच नाही. १९९७ मध्ये इंदिरा रामन आणि ब्रूस बीन यांनी सुट्या केलेल्या पुर्किंजे पेशींत तो दाखवला.

दार आणि कडी समजा. चॅनेलचे दार उघडले की तिसऱ्या आणि चौथ्या डोमेनमधला दुवा आतून येऊन कडी घालतो; त्याच्या टोकाला आयसोल्यूसीन, फेनिलअ‍ॅलॅनीन, मेथिओनीन अशी तीन अमिनो आम्ले असतात. हे नेहमीचे इनअ‍ॅक्टिव्हेशन. कडी निघायला पेशी बराच वेळ खोल ऋण व्होल्टेजला राहावी लागते.

पुर्किंजे पेशीत आणखी एकजण आहे, पेशीच्या आतल्या बाजूचा धनभारित ब्लॉकर. व्होल्टेज वर असताना तो कडीच्या आधी धावत जाऊन उघड्या दारात उभा राहतो. दारात माणूस उभा असला की कडी लागत नाही. पेशी −४० ला उतरली की बाहेरून सोडियम जोराने आत यायला बघते आणि त्याला ढकलून देते. दार अजून उघडेच असते, म्हणून त्यातून प्रवाह वाहतो, आणि मग कुठे कडी लागते किंवा दार मिटते. ढकलल्यापासून मिटेपर्यंतचा तो वेळ म्हणजे रिसर्जंट प्रवाह.

फायदा दुहेरी. चॅनेल इनअ‍ॅक्टिव्हेशनमध्ये न अडकता बाहेर पडल्यामुळे पुढच्या स्पाइकसाठी लगेच तयार असतात, आणि वर जाताजाता पडद्याला वर ढकलून देतात.

वाचनमात्र

काहीशे पिकोअँपिअरच ना? क्षणिक प्रवाहापुढे काय ते.

अक्षतंतू

काळ बघा. स्पाइक संपल्यापासून पुढचा येईपर्यंतच्या अवधीत बाकीचे सगळे प्रवाह एकमेकांना जवळजवळ छेद देतात, निव्वळ उरतो तो थोडासाच. सुट्या केलेल्या पुर्किंजे सोमाची कपॅसिटन्स २० पिकोफॅरड धरा. निव्वळ आतला प्रवाह फक्त २० पिकोअँपिअर असेल तर व्होल्टेज दर मिलिसेकंदाला १ मिलिव्होल्ट चढते. स्पाइकनंतरचा तळ −७०, थ्रेशोल्ड −५५: पंधरा मिलिव्होल्ट, पंधरा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला साठ-पासष्ट स्पाइक. कोणतेही इनपुट नसताना. १२ नॅनोअँपिअर स्पाइक उभा करतात, पण तो पुन्हा कधी येणार हे या वीसांवर ठरते.

रामन आणि बीन यांनी १९९९ मध्ये अशाच सुट्या पेशींत स्पाइकचा आकारच व्होल्टेज-कमांड म्हणून देऊन दाखवले की दोन स्पाइकमधल्या चढावाला मुख्यतः टीटीएक्सने थांबणारा सोडियम प्रवाह जबाबदार आहे.

मॉडेलवाला

मॉडेल करणाऱ्यांसाठी एवढेच: एम-घन-एच मध्ये (हॉजकिन-हक्सलींच्या रीतीत) रिसर्जंट बसवायचा हट्ट सोडा. रामन-बीन यांचे २००१ चे मार्कोव्ह मॉडेल घ्या, १३ अवस्था: पाच बंद, एक उघडी, एक ब्लॉक झालेली, सहा इनअ‍ॅक्टिव्हेटेड. खलीक, गॉवेन्स आणि रामन यांचे २००३ चे पुर्किंजे मॉडेल त्याच जातीचे. गणनेची वेळ-पायरी ०.०२५ मिलिसेकंदांपेक्षा मोठी ठेवू नका. आणि अवस्था बदलण्याचे दर कोणत्या तापमानाचे आहेत ते तपासा, खोलीच्या तापमानाचे दर ३५ अंशांच्या मॉडेलमध्ये तसेच टाकून 'पेशी फायर करत नाही' म्हणणारे बरेच आहेत.

पाटीपेन्सिल

ब्लॉकर कोण यावर इथे नेहमी वाद होतो म्हणून लिहितो. ग्रीको आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले की पेशीच्या आतून ट्रिप्सिन दिले की रिसर्जंट जातो, आणि नॅव-बीटा-४ या सोडियम चॅनेलच्या उपघटकाच्या शेपटीचा छोटा पेप्टाइड दिला की परत येतो. म्हणून 'ब्लॉकर म्हणजे बीटा-४' असे समीकरण रूढ झाले. पण बीटा-४ काढून टाकलेल्या उंदरांत पुर्किंजे पेशींचा रिसर्जंट कमी होतो, संपत नाही. एफजीएफ-१४ या प्रथिनाचाही त्यात हात आहे. एकच नाव घेऊन मोकळे व्हायचे दिवस गेले.

अक्षतंतू

तसेच 'नॅव १.६ (एससीएन८ए जनुकापासून बनणारा सोडियम चॅनेल) शिवाय रिसर्जंट नाही' हेही. एससीएन८ए निकामी असलेल्या 'मेड' उंदरांत रिसर्जंट जवळजवळ नव्वद टक्के घटतो, क्षणिक प्रवाह त्यामानाने कमी. यावरून लोक १.६ ला मक्ता देतात. पण त्याच मेड पेशींना एका गांधीलमाशीच्या विषातला बीटा-पोम्पिलिडोटॉक्सिन दिला, ज्याने इनअ‍ॅक्टिव्हेशन संथ होते, की रिसर्जंट उगवतो. म्हणजे बाकीच्या चॅनेलांनाही ब्लॉकर भेटू शकतो, फक्त त्यांची कडी फार लवकर लागते. सगळी शर्यत ब्लॉकर आणि कडी यांच्यातली आहे. आणि हा प्रवाह पुर्किंजेपुरता नाही. लहान मेंदूच्या खोल केंद्रकांतल्या पेशी, ग्रॅन्यूल पेशी आणि युनिपोलर ब्रश पेशींतही मोजला गेला आहे.

काठावरचा_आयन

२५ दिवसांच्या स्लाइसचा नाद सोडून सुट्या पेशी कराव्यात का?

मिलिव्होल्टराव

जैवभौतिकी मोजायची असेल तर हो. अ‍ॅक्सॉन आणि डेंड्राइट तुटून गेल्यामुळे निसटायला काही उरत नाही. वय १४ ते २० दिवस. त्यापुढे पेशी पाचनात टिकत नाहीत. वर्मिस बारीक चिरून ३१ अंशांवर ७ मिनिटे प्रोटीएज (प्रथिने पचवणारे विकर), तेवीस क्रमांकाच्या प्रकारचे, मिलिलिटरला ३ मिलिग्रॅम. द्रावण (मिलिमोलरमध्ये): सोडियम सल्फेट ८२, पोटॅशियम सल्फेट ३०, मॅग्नेशियम क्लोराइड ५, हेपेस आणि ग्लुकोज प्रत्येकी १०, वरून ऑक्सिजन. मग बीएसए आणि ट्रिप्सिन-इनहिबिटर, प्रत्येकी मिलिलिटरला १ मिलिग्रॅम, घातलेल्या द्रावणात धुवा. तुकडे टायरोडमध्ये (साध्या क्षारद्रावणात) ठेवून लागतील तसे, टोक आचेवर गुळगुळीत केलेल्या पाश्चर पिपेटने ओढा-सोडा. आधी रुंद तोंडाची, मग अरुंद. बुडबुडा आला की पेशी गेल्याच समजा.

डिशमध्ये पुर्किंजे ओळखायला अवघड नाही: सगळ्यात मोठी, नासपतीच्या आकाराची, एका बाजूला डेंड्राइटचा तुटका बुंधा. वाटोळी, फुगलेली, केंद्रक ठळक दिसणारी पेशी सोडून द्या, ती मरतेय.

७ ऐवजी १२ मिनिटे पचवलेल्या पेशींवर सील (पिपेट आणि पडद्याची घट्ट पकड) छान बसते, पण पेशी आतून खलास असतात. सहज बसणारे सील म्हणजे चांगली पेशी, असे नाही.

स्पाइकमोजणी

करंट क्लॅम्पवाल्यांसाठी, म्हणजे व्होल्टेज मोकळे सोडून स्पाइक मोजणाऱ्यांसाठी, दोन शब्द. पुर्किंजेचा स्पाइक ३४ अंशांवर अर्ध्या उंचीला ०.२ मिलिसेकंदांच्या आसपास रुंद असतो. १० किलोहर्ट्झने नमुने घेतलेत तर त्या रुंदीत दोनच बिंदू येतात. शिखर आणि चढावाचा वेग दोन्ही खोटे. ५० किलोहर्ट्झ ठेवा, फिल्टर १० च्या खाली नको, आणि ब्रिज बॅलन्स व पिपेट कपॅसिटन्स दर पाच मिनिटांनी बघा.

नुसता फायरिंगचा दर हवा असेल तर पेशी फोडूच नका, सेल-अटॅच्ड किंवा लूज पॅच (पिपेट बाहेरून टेकवून) पुरते. ग्लूटामेटसाठी एनबीक्यूएक्स ५-१० मायक्रोमोलर, गाबासाठी पिक्रोटॉक्सिन १००. आणि टीईए १ मिलिमोलर देऊन 'केव्ही-३ अडवला' असे लिहू नका, त्याने बीके हे दुसऱ्या जातीचे पोटॅशियम चॅनेलही अडतात.

वाचनमात्र

रुग्णांच्या बाजूने याचा काही संबंध?

पाटीपेन्सिल

आहे. एफजीएफ१४ मधला बिघाड म्हणजे एससीए-२७ (लहान मेंदूचा एक आनुवंशिक आजार), आणि त्याच जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनमधल्या जीएए पुनरावृत्तीमुळे होणारा २७-बी प्रकार २०२३ मध्ये वर्णन झाला. उतारवयात सुरू होणारा तोल जाण्याचा आजार. त्यात ४-अमिनोपिरिडीनचा उपयोग होताना दिसला आहे. आणि सोडियम चॅनेल म्हटले की सगळ्यांना एकच औषध असेही नाही: एससीएन१ए (आणखी एका सोडियम चॅनेलचे जनुक) निकामी झालेल्या ड्रॅव्हे सिंड्रोममध्ये (लहानपणी सुरू होणारा अपस्मार) कार्बामाझेपीनसारखी सोडियम अडवणारी औषधे सहसा टाळतात, तर एससीएन८ए अतिसक्रिय असलेल्या अपस्मारात तीच कामी येतात. कारण पहिल्यात मुख्यतः आवर घालणाऱ्या पेशींचेच चॅनेल कमी पडलेले असतात. पुढचे न्यूरॉलॉजिस्टला विचारा, धाग्यावर नको.

काठावरचा_आयन

सीझियम, २ मेगाओहमची पिपेट आणि ८० टक्के कॉम्पेन्सेशन लावून स्लाइसमध्येच करून पाहिले. सिरीज ६ वर आला. −३० ला आता गुळगुळीत टेकडी, शिखर ५ मिलिसेकंदांवर, −४० ला थोडी वेगळी, −६० ला लहान आणि झटपट. टीटीएक्सने सगळे जाते.

फक्त एक. एसीएसएफमध्ये ०.३ मिलिमोलर कॅडमियम टाकले की दहा मिनिटांत द्रावण दुधट होते आणि त्यानंतरच्या पेशींत टीटीएक्सनंतरही आतली शेपटी उरते.

अक्षतंतू

कॅडमियमचा कार्बोनेट आणि फॉस्फेटबरोबर साका बसतोय. म्हणजे तुमच्या बाथमध्ये ०.३ कॅडमियम नाहीच, आणि उरलेली शेपटी कॅल्शियमची आहे. नोंदणीच्या वेळी बायकार्बोनेट आणि सोडियम फॉस्फेट दोन्ही काढून हेपेसवाले द्रावण चालवा, नळीतून शुद्ध ऑक्सिजन सोडा, कार्बोजेन (ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण) नको. कॅडमियम शेवटी, पीएच लावून झाल्यावर घाला. आणि त्या दुधट द्रावणाने भरलेल्या नळ्या बदलाच, साका आतल्या भिंतीला चिकटून राहतो.